ओढ्याच्या तोंडाशी

क्रातेन, करकेना बेट
१४ मार्च

प्रिय जिलानी,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. सालिहा गेली त्याच्या चाळिसाव्या दिवशी तू रवा, साखर आणि तेलाचा डबा पाठवलास, त्याची पोच द्यायची राहून गेली. राहून गेली असं लिहिलं खरं, पण खोटं कशाला बोलू, मी ती दिली नाही. तीनदा कागद घेऊन बसलो. दोनदा फाडला, आणि तिसऱ्यांदा गुडघ्याचं औषध घ्यायची वेळ झाली म्हणून उठलो तो पुन्हा बसलोच नाही. तुला फोनही केला असता, पण फोनवर नको ते निघालं की तू 'हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही' म्हणून ठेवून देतोस. कागद तसा ठेवून देता येत नाही. हे पत्र सुनेकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा सापडत नसेल तर शोध, मी थांबतो.

आधी बेटाची खबर. यंदा झावळ्या चांगल्या मिळाल्या, पण वारा सारखा दक्षिणेचा, त्यामुळे समुद्रातली कुंपणं दोनदा पडली. पिंजऱ्यात बोय मासा कमी, खेकडेच जास्त, तेही ते निळे, जाळी कातरणारे. घराच्या मागच्या भिंतीला ओल आली आहे. फेरीबोट आठवड्यातून दोन दिवस बंदच असते, म्हणून हे पत्र मी टपालात टाकू की कुणाच्या हाती देऊ, हे अजून ठरत नाही. टपालात टाकलं तर हरवेल आणि हाती दिलं तर फोडून वाचतील. बघू.

आता मुद्द्याचं. सत्तावीस एप्रिलला सरकारी मोजणी कार्यालयाची माणसं क्रातेनला येणार आहेत, हे तुझ्या मुलांनी तुला सांगितलंच असेल. समुद्रातल्या मासेमारीच्या शेतांच्या हद्दी नव्या नकाशावर कायमच्या आखणार आहेत. एकदा शिक्का बसला की बसला. आमचं उम्म बूरीचं शेत आणि तुमचं शेत यांच्यामधली रेघ ते कुठे ओढतात, एवढंच मला या जगात आता बघायचं आहे. त्या रेघेच्या एका बाजूला माझा बाप खरा ठरतो आणि दुसऱ्या बाजूला तुझा. मधे जागा नाही. गेली बेचाळीस वर्षं तुझा बाप खरा आहे.

मला माहीत आहे, तू आता पत्र खाली ठेवून म्हणशील, 'म्हातारा पुन्हा तेच उगाळतोय.' होय, तेच. तुमच्या आणि आमच्या शेतांच्या दस्तात लांबी-रुंदी कुठे आहे? जुन्या राजाच्या, बेच्या काळातला तो कागद, त्यात एवढंच लिहिलंय की ओढा ही हद्द, अलीकडचं आमच्या बुबकरच्या घराण्याचं, पलीकडचं तुमच्या तैयबच्या. आणि ओढ्याबद्दलचा रिवाज तुलाही पाठ आहे. समुद्राच्या तळाचा ओढा आपणहून सरकला तर हद्द त्याच्याबरोबर सरकते, आणि माणसाच्या हाताने सरकला तर हद्द जागची हलत नाही. आमचा ओढा दोनशे पावलं आमच्या अंगावर सरकला, आणि गवताचा तो सगळा पट्टा, जिथे बोय चरायला यायची, तुमच्याकडे गेला. बाबा म्हणाले, यात माणसाचा हात आहे. तू पिराच्या कबरीवर तळवा ठेवून शपथ घेतलीस की ओढ्याला कुणाचा हात लागलेला नाही. झालं. त्या दिवसापासून माझे बाबा म्हणजे होडी बुडालेल्या शेजाऱ्यावर आळ घेणारा माणूस. बंदरावरच्या चहाच्या दुकानात ते आत शिरले की लोक सोंगट्या थांबवायचे. दोन वर्षांनी ते गेले, तेव्हा जनाज्याला मी माणसं मोजली होती. आकडा लिहीत नाही.

तर फेब्रुवारीत एक सपाट बुडाची होडी आली, इंजिनाची. त्यात तीन माणसं आणि एक मुलगी, नाइला नावाची, विद्यापीठातली. मुलगीच मुख्य. बेट किती खचतंय, दरवर्षी किती गाळ बसतो, जुने ओढे कुठे होते, हे बघायला आले होते, आणि त्यांच्याच कामावरून तो नकाशा होणार. इथल्या उथळ पाण्यात वाट दाखवायला त्यांना माणूस हवा होता. कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी आधी नाही म्हणालो. गुडघा, रक्तदाब, आणि त्या होडीला धड सावली नाही. मग कळलं की ते उम्म बूरीवरही जाणार. मग म्हणालो, किती वाजता निघायचं?

त्यांचं यंत्र मी तुला नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पिवळ्या रंगाचा, माशाएवढा एक डबा होडीच्या कडेला दांड्याने पाण्यात सोडतात. तो टक्‌टक्‌टक्‌ करत राहतो, दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखा. तो आवाज पाण्यातून तळाला जातो, तळाला थांबत नाही, गाळात शिरतो. गाळाचा एक थर संपून दुसरा लागला की थोडा आवाज परत येतो, आणखी खाली कठीण काही लागलं की जास्त येतो. परत आलेल्या आवाजातून पडद्यावर रेघा उमटतात, आणि होडी जशी पुढे सरकते तसा समुद्राचा तळ कापून ठेवल्यासारखा दिसायला लागतो, तुझी आई थरांची ती खजुराची वडी सुरीने कापायची तसा. मी पन्नास वर्षं त्या तळात झावळ्या रोवल्या आणि काठीला लागेल तेवढंच मला माहीत होतं. नाइला म्हणाली, 'काका, तुम्ही तळाला पायांनी ओळखता, आम्ही कानांनी.' मी म्हणालो, 'बाई, मग जरा कान देऊन ऐक, आता माझ्या बापाच्या शेतावर आलोय.'

पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. जरा लाट उठली की चित्राला हुडहुडी भरते. गवताच्या जाड गाद्यांवर आवाज अडकतो. आणि जिथे जुना ओढा होता, अगदी तिथेच, पडद्यावर एक पांढरा ढग. नाइला म्हणाली, खाली कुजलेल्या गवताचा वायू आहे, त्याच्यातून आवाज जात नाही, पडदा लावल्यासारखं होतं. तू हसला असतास. मला वाटलं, समुद्रही तैयबच्या घरचंच मीठ खातो. घरी आलो, जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात तुझा तो चुलतभाऊ, एक दात पडलेला, मला म्हणतो, 'काय हमादी, यंत्र लावून बापाचे मासे शोधतोस? ते कधीच तळून खाल्ले रे!' सगळे हसले. मी चहा अर्धा टाकून उठलो. उठलो आणि सरळ नाइलाच्या बिऱ्हाडी जाऊन बसलो. तिला म्हणालो, 'पोरी, मला फार दिवस नाहीत. उद्या भरती पूर्ण चढली की पुन्हा जाऊ. आडवे न जाता ओढ्याच्या तोंडाकडून आत जाऊ.' ती म्हणाली, 'काका, माझ्या रेघा ठरलेल्या आहेत.' मी म्हणालो, 'तुझ्या रेघा ज्या मासोळीने आखल्या ती मासोळी मी आहे.' याचा अर्थ काय ते मलाही माहीत नाही. पण ती हसली आणि तयार झाली.

चौथ्या फेरीला वारा पडला होता. तिने यंत्राचा आवाज जरा जाडा केला, जाडा आवाज खोलवर जातो म्हणे. आणि ढगाच्या कडेला, जिथे वायू संपतो, तिथे दिसलं. जिलानी, ओढा दिसला. सपाट थरांच्या खाली एक खोलगट द्रोण, नीट, दोन्ही काठांसकट, आणि आत भरलेला मऊ गाळ, त्याच्यावर आणखी गाळ. दोनशे पावलं पूर्वेला. जिथे बाबा सांगायचे तिथे. एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. मी होडीचा काठ धरून उभा राहिलो, आणि मला लघवीला जायचं होतं तेही विसरलो.

पण मी ओढ्याबद्दल लिहीत नाहीये. ओढा तिथे होता हे तुलाही माहीत आहे. त्या द्रोणाच्या गळ्याशी, जिथे ओढा सर्वांत अरुंद होता, तिथे दीड माणूस खोल गाळाखाली काळंकुट्ट काहीतरी होतं. त्याच्यावर छत्रीसारख्या कमानी, एकीला लागून एक. नाइलाने होडी वळवली, पुन्हा वरून नेली, पुन्हा वळवली. मग म्हणाली, 'काका, इथे दगड आहेत. ढिगाने. आणि ते कशात तरी भरलेले आहेत, दोन्ही बाजूंना कड दिसते. सात मीटर लांब. होडी आहे ही. ओढ्यात आडवी.' मी विचारलं, 'आडवी म्हणजे?' ती म्हणाली, 'प्रवाहात बुडालेली होडी सहसा प्रवाहाच्या दिशेने पडते. ही दारात खाट टाकावी तशी टाकली आहे.'

तुमची होडी किती लांब होती, जिलानी? मी विसरलो असं तुला वाटत असेल.

एकोणऐंशी सालचा जुलै. समुद्राच्या विश्रांतीचे दिवस. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होईपर्यंत आपण कुणी कुणाच्या शेतात वल्हंही घालत नाही, मासे अंडी घालतात म्हणून. बाबा तर त्या दिशेला बघायचेही नाहीत. म्हणायचे, 'बाळंतिणीच्या खोलीत कुणी डोकावतं का?' तुम्ही तोच महिना निवडलात. बाबांच्या सचोटीवरच तुम्ही होडी बांधलीत. दुसऱ्या कुठल्या गावात असं करता आलं नसतं, कारण दुसऱ्या गावात लोक आपल्या शेतावर पाळत ठेवतात.

मग बातमी आली की तैयबकाकांची होडी रिकामी, पलीकडच्या किनाऱ्यावर स्फाक्सला चुना आणायला निघाली होती, ती मोठ्या जहाजांच्या वाटेवर बुडाली, तू आणि काका छोट्या डोणीतून कसेबसे परत आलात. गाव रडलं. माझी आई तुमच्याकडे बार्लीची लापशी घेऊन गेली, वर सुकवलेला ऑक्टोपस घालून. आणि बाबांनी, जिलानी, बाबांनी आमची दुसरी होडी दोन हंगामांसाठी तुम्हाला दिली. शिडासकट. तुझ्या बापाने ती घेतली. तुझ्या बापाने माझ्या बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून ती घेतली. आणि त्याच होडीतून तुम्ही पुढच्या वर्षी नव्या ओढ्यावर, आमच्या गवतावर, झावळ्या रोवल्यात. मी अनेकदा विचार केला आहे की चोरी मी समजू शकतो. भुकेने माणूस चोरी करतो. पण खांद्यावर डोकं ठेवणं, ते कशाला?

मी सूड घेतला नाही असं नाही. बारीकसारीक घेतला. माझ्या गाढवाचं नाव मी जिलानी ठेवलं होतं. सालिहा चार दिवस बोलली नाही, म्हणून बदललं, पण गाढव नव्या नावाला ओ देईना. तुझा मुनीर पहिल्यांदा एकटा होडी घेऊन गेला तेव्हा पुढे वाळूचा उंचवटा आहे हे मला दिसत होतं, आणि मी हात वर केला नाही. तो ओहोटीत सहा तास बसून राहिला. तुझ्या घरी लग्न निघालं की मला ताप यायचा. पण हे सगळं डासाचं काम. मला मोठं काही करायचं होतं आणि मधे सालिहा होती. तिने लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यातच मला सांगितलं होतं, 'माझ्या भावाचं नाव या घरात वाईटासाठी घेऊ नका. घ्यायचं असेल तेव्हा आधी मला माहेरी पोचवा.' चाळीस वर्षं मी जीभ दातांत धरली. तुमच्या शेतातले बोय तू ईदला पाठवायचास, ती तळायची, मी अंडं मागायचो. ती अंडं करून द्यायची, काही विचारायची नाही. आता ती नाही. तिच्या जनाज्याला तू आलास, दोन तास बसलास, दुपारच्या फेरीबोटीने गेलास, आणि मला मिठी मारताना म्हणालास, 'आता आपणच दोघं उरलो, हमादी.' किती खरं बोललास ते तुला तरी कळलं का?

आता ज्याच्यासाठी आधीचे दोन कागद फाडले, ते लिहितो. होडी रिकामी नव्हती हे तुमच्या घराबाहेर गावात एकाच माणसाला माहीत होतं. तो मी. तुमच्या घरामागच्या पडक्या टाक्याचे दगड मी आणि तू मिळून भरले. दोन दिवस. टोपल्यांनी. तू म्हणालास, 'स्फाक्सला एक गवंडी आहे, दगड घेतो. या पैशांत सालिहाच्या लग्नाची भांडी येतील. लग्न कुणाशी ते तुला माहीत आहेच, गाढवा. पण घरी बोलू नकोस, तुझ्या बापाला वाटेल आम्ही भिकेला लागलो.' मी कशाला बोलतो! मी तर गात होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सालिहा बार्लीची भाकरी आणि तिखटाची वाटी घेऊन टाक्याशी आली, आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, 'हात धुवा आधी, दगडाची माती पोटात जाईल.' जिलानी, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस होता. तू मला माझ्या बापाला गाडायला लावलंस आणि वरून मला सुखी केलंस. याची शिक्षा काय असावी हे मला अजून सुचलेलं नाही.

पिराच्या कबरीपाशी ज्या दिवशी तू शपथ घेतलीस, त्या दिवशी मी तिथे होतो, तिसऱ्या ओळीत. बाबा म्हणाले, 'ओढ्याच्या तोंडात कुणीतरी काहीतरी टाकलं आहे, पाणी आपणहून असं वळत नाही.' गावचा प्रमुख, उम्दा, म्हणाला, 'काय टाकलं, बुबकर? एवढा ओढा अडवायला होडीभर दगड लागतील. कुणी पाहिले?' तेव्हा मला कळलं. त्या क्षणी, आधी नाही, हे मी आईच्या कबरीवर सांगतो. टोपल्या डोळ्यांपुढे आल्या. बाबांनी मान वळवून लोकांकडे बघितलं, सगळ्यांकडे, आणि माझ्याकडेही. तू माझ्याकडे बघितलंस. लग्नाला बावीस दिवस उरले होते. मी चपलेतली वाळू झटकत बसलो. तू शपथ घेतलीस आणि मी चपला झटकल्या. त्यामुळे तुझ्यावर माझा राग किती आहे आणि माझ्यावर किती, हे मी या वयात निवडून वेगळं करू शकत नाही. तसा प्रयत्नही करत नाही. सगळा तुलाच देतो.

यंत्राचा कागद घेऊन मी कार्यालयात गेलो. सोबत नाइलाही आली, तिची मेहेरबानी. तिथल्या साहेबाने कागद उलटा धरला, मग सुलटा धरला, मग म्हणाला, 'हाजी, बुडालेली होडी आहे. समुद्रात होड्या बुडतात.' मी म्हणालो, 'आडवी? दगडांनी भरलेली?' तो म्हणाला, 'जुन्या होड्यांत तोल राखायला दगड असायचे. रोमनांची असेल.' मी नाइलाकडे बघितलं. म्हणालो, 'पोरी, सांग ना यांना साल.' ती फार वाईट वाटल्यासारखी म्हणाली, 'काका, आवाजाला थर कळतात, साल कळत नाही. वरचा गाळ पन्नास वर्षांचाही असेल, पाचशेचाही. नळी घालून गाळ काढावा लागेल, त्याची परवानगी एप्रिलच्या आत मिळणार नाही. आणि साल कळलं तरी माणूस कळणार नाही.' मी विचारलं, 'मग माणूस कुणाला कळतो?' ती म्हणाली, 'ज्याने टाकली त्याला.' साहेब म्हणाला, 'तो येऊन दोन माणसांसमोर सांगणार असेल तर मी आत्ता रेघ बदलतो. रिवाज मलाही माहीत आहे.' मी म्हणालो, मीच दगड भरलेत. त्याने चष्म्यावरून बघितलं. 'तुम्ही बुबकरचे चिरंजीव ना? मग तुमच्या बोलण्याला काय अर्थ आहे?' बरोबर आहे त्याचं. बेचाळीस वर्षांपूर्वी अर्थ होता.

इथवर वाचून तुला वाटेल, मी हे तुला टोचायला लिहिलं. टोचायलाच लिहिलं आहे, पण तेवढ्यासाठी एवढी शाई खर्चली नसती. गेल्या गुरुवारी फेरीबोटीवर मुनीर भेटला. मी तोंड फिरवणार होतो, पण त्याने माझी पिशवी उचलली. म्हणाला, 'आतोबा, बाबांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडतात. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा बघतील की नाही सांगता येत नाही.' मी ऐकून घेतलं, आणि जिलानी, मला आनंद झाला नाही. इतकी वर्षं याच बातमीची वाट बघत होतो, आणि मला धडकी भरली. तू गेलास तर ती होडी रोमनांची होईल, तुझी शपथ खरी होईल, आणि माझा बाप कायमचा खोटा होईल. म्हणून मी तुझ्यासाठी औषधांची नावं विचारून घेतली. म्हणून मी पाचही नमाजांत तुझ्या आयुष्यासाठी दुवा मागतोय, दात खाऊन. ही माफी आहे असं समजू नकोस. माफी तुला माझ्याकडून मिळणार नाही, कबरीतही नाही. सत्तावीस एप्रिलला तू क्रातेनला यायचंस, चहाच्या दुकानासमोर, सगळ्यांच्या देखत, तुझ्या मुलांच्या देखत, मोठ्याने सांगायचंस की होडी कुणी टाकली. मी तुझ्या शेजारी उभा राहीन आणि दगड कुणी भरले ते सांगेन, मग लोकांना माझ्यावर थुंकायचं असेल तर थुंकू देत. येववत नसेल तर ज्या दिवशी तुला यंत्राला जोडत नाहीत तो वार कळव, मी साहेबाला आणि दोन साक्षीदारांना घेऊन स्फाक्सला तुझ्या खाटेशी येतो. खुर्ची मी माझी आणीन. तोवर पाणी मोजून पी, मीठ खाऊ नकोस, डॉक्टर सांगतील ते ऐक. फेरीबोटीचा भरवसा नाही आणि तुझा त्याहून नाही, म्हणून हात जोडून सांगतो, उत्तर लवकर दे. दोन ओळी पुरेत. एक ओळही चालेल. लवकर कळव.

तुझाच,
हमादी